रॉकेलातला दगड

गेवराई तालुक्यात चकलांब्याच्या पुढच्या एका गावात माध्यमिक शाळा आहे. तिथल्या प्रयोगशाळेला कित्येक वर्षं कुलूपच होतं, कारण विज्ञानाला शिक्षक टिकत नव्हते. यंदा वर्षाराणी मॅडम आल्या आणि संक्रांत झाल्यावर एका शनिवारी त्यांनी ते कुलूप काढायला लावलं.

नववीतल्या चार-पाच मुली आणि त्यांच्याच वर्गातला शहादेव असे मदतीला होते. दार उघडल्याबरोबर सगळे आत घुसायला लागले, तर मॅडमनी उंबऱ्यातच अडवलं.

"कशालाही नुसत्या हातानं शिवायचं नाही. चव घ्यायची तर मुळीच नाही. आणि कशाचा वास बघायची वेळ आलीच, तर बाटली नाकाला लावायची नाही. लांब धरायची आणि हातानं वारा आपल्याकडं घ्यायचा. असा."

त्या मुलींतल्या तेजश्रीला ही वास घ्यायची रीत फारच आवडली. तिचे आई-वडील दिवाळीपासून ऊसतोडीला गेले होते आणि ती आत्याकडं, बायनाबाईकडं राहत होती. "ही पोरगी गप बसली तरी आतून इचारतच आसती," असं आत्या सगळ्यांना सांगायची.

बऱ्याच बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या कसरीनं खाऊन टाकल्या होत्या. अशा बाटल्या मॅडम स्वतः हातमोजे घालून खिडकीखालच्या ओट्यावर ठेवत होत्या. त्यातल्या एका रुंद तोंडाच्या बाटलीपाशी तेजश्री अडून बसली. तळाला बोटभर पिवळट तेलासारखं काहीतरी होतं आणि त्यात अर्धवट बुडालेले मळकट पांढरे खडे.

"मॅडम, हे काय हाय?"

"बघून सांगता येणार नाही. कळेपर्यंत हात लावायचा नाही," मॅडम म्हणाल्या. तेवढ्यात मुख्याध्यापकांनी बोलावलं म्हणून त्या कार्यालयात गेल्या.

शाळेचे शिपाई धोंडीराममामा बाहेर हौदावर रिकाम्या नळ्या आणि चंबू धूत होते. तेवढंच काम त्यांना सांगितलं होतं. पण ते उरकलं तसा त्यांना हुरूप आला. ओल्या हातांनी ते आत आले, खिडकीखालची तीच बाटली उचलली, झाकण काढलं आणि आतलं तेल एका रिकाम्या शिशीत ओतून घेतलं.

"रॉकेल दिसतंय. चुलीला व्हईल," ते म्हणाले. "खडे खंगाळून टाकतो, बाटली चांगली हाय."

तेजश्रीनं लांबूनच हातानं वारा घेतला. खरंच रॉकेलचा वास होता. मामा हौदाकडं निघाले आणि तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरायला लागली. रॉकेल पेटतं. मग पेटणाऱ्या तेलात खडे कुणी ठेवील कशाला? कशापासून तरी त्यांना जपायचं असल्याशिवाय?

"मामा, थांबा! धुऊ नका!"

"कावून?"

"म्हाईत न्हाई. पण थांबा."

"म्हाईत न्हाई तर कावून वरडती?" मामा वैतागले आणि त्यांनी बाटली या हातातून त्या हातात घेतली. ओल्या बोटांवरचे दोन थेंब आत पडले. चर्र झालं, धुराची बारीक रेघ वर आली आणि एका खड्यावर पिवळी ठिणगी चमकून गेली.

मामांनी बाटली हौदाच्या अलीकडंच कोरड्या फरशीवर ठेवली आणि ते चार पावलं मागं सरकले. "आयला, दगड पेटला!"

शहादेवनं पळत जाऊन हौदातनं बादली भरली. "सरका, सरका!" बादली उचलून तो आलाच होता, इतक्यात कार्यालयाच्या दारातून मॅडमचा आवाज आला.

"पाणी नको! शहादेव, बादली तिथंच ठेव! सगळे लांब व्हा!"

शहादेव जागच्या जागी थिजला. मॅडमनी चष्मा लावला, कोरड्या वाळूची बादली आणली, बाटली अलगद वाळूत उभी केली आणि वरून कोरडं झाकण लावलं. मग कुठं त्यांनी श्वास सोडला.

"हे सोडियम असणार. धातू आहे. पाण्याला शिवलं की तापतं, पेटतं, भडकतं. हवेतसुद्धा खराब होतं, म्हणून तेलात ठेवतात. ही बाटली हौदात गेली असती, तर मामा, तुमच्या डोळ्यांचं काही खरं नव्हतं." मग त्या तेजश्रीकडं वळल्या. "तुला कसं कळलं?"

"मला कळलं न्हाई, मॅडम. फक्त रॉकेल कावून, ते कळंना गेलतं."

मामा तसेच आत गेले. त्यांनी चुलीसाठी घेतलेली शिशी गुपचूप आणून मॅडमपुढं ठेवली.

गेवराईच्या मेडिकलमधून मॅडमनी लिक्विड पॅराफिन नावाचं तेल मागवलं आणि खडे त्यात बुडवून ठेवले. पुढच्या शनिवारी ओळखीच्या एका अनुभवी शिक्षकांना त्यांनी बोलावून घेतलं. मैदानात प्लॅस्टिकच्या टबात पाणी भरलं, त्यात एका औषधाचे थेंब टाकले आणि पोरांना दोरीच्या पलीकडं लांब उभं केलं. सरांनी चिमट्यानं मुगाएवढा तुकडा पाण्यात सोडला. तुकड्याचा गोल मणी झाला आणि तो फसफसत, वेड्यासारखा पाण्यावर पळत सुटला. जिथून पळाला तिथं पाणी गुलाबी झालं. शेवटी फट्ट आवाज करून तो नाहीसाच झाला.

"गुलाबी झालं म्हणजे पाण्यात कॉस्टिक सोडा तयार झाला. यात कुणी हात घालू नका," सर म्हणाले. तरी पोरांना पुन्हा बघायचं होतं. सगळ्यांत मोठ्यांदा "आणखी एक!" म्हणणारे धोंडीराममामाच होते.

संध्याकाळी वडिलांचा, तानाजींचा, फोन आला. तेजश्रीनं एका दमात सगळं सांगितलं. पलीकडं वडिलांनी टोळीतल्या माणसांना गप केलं. "पाण्यानं पेटतं म्हणतीया पोरगी!" ते त्यांना सांगत होते. मग तिकडंच बोलणं रंगलं.

"पप्पा?"

"आगं, पाण्यानं पेटतं, तर मग ते जमिनीत कसं सापडत आसंल? पाऊस तर सगळीकडंच पडतो की."

तेजश्रीनं तो प्रश्न वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवला. सोमवारी घंटा व्हायच्या आधीच ती मॅडमपुढं उभी राहिली आणि वडिलांचा प्रश्न जसाच्या तसा विचारला.

मॅडम हसल्या. "एकटं कधी सापडतच नाही ते. दुसऱ्या कशाशी तरी जोडलेलं असतं, आणि जोडलं की त्याचा स्वभावच बदलतो. आज सकाळी तूही खाल्लं असशील."

"मी?"

"मीठ. मिठात सोडियमच असतं."

तेजश्री वर्गात जाऊन बसली. मधल्या सुट्टीत तिनं डबा उघडला, भाकरीवरच्या ठेच्यातला मिठाचा एक खडा बोटावर घेतला आणि खायचं सोडून कितीतरी वेळ त्याच्याकडं बघत राहिली.