अर्धं वाक्य

घरातलं पोर नकला करतं आणि सगळं घर पोट धरून हसतं. वाचकहो, हे कुणाच्या घरात होत नाही? या घरातल्या धाकट्या लेकीला तर सगळे 'रेडिओ'च म्हणत. शेजारच्या काकांचा खोकला, सरांचं नाक ओढणं, सगळं हुबेहूब. पाहुणे आले की आई मुद्दाम फर्माईश करायची.

रेडिओची लहानपणापासूनची मैत्रीण बोलताना अडखळायची. शब्द ओठांशी येऊन अडला की रेडिओ तो पटकन पुरा करी. दुकानात, वर्गात, फोनवर, सगळीकडे. मैत्रिणीची आई कौतुकानं म्हणायची, "दोघींत मिळून एकच तोंड आहे!"

मग कॉलेज आलं, नवा घोळका मिळाला. घोळक्यात जागा फुकट मिळत नाही. एके दुपारी कँटीनमध्ये कुणीतरी म्हणालं, "ए रेडिओ, काहीतरी नवीन ऐकव की!" आणि रेडिओनं मैत्रिणीची नक्कल केली. तो अडलेला श्वास, घट्ट मिटलेले डोळे, टेबलावर आपटणारं बोट. इतकी बारीक नक्कल दुसऱ्या कुणाला जमलीच नसती. हशा ओसरल्यावर तिनं वळून पाहिलं, तर मैत्रीण मागच्याच टेबलावर बसलेली. तीही हसत होती. मग डबा तसाच बंद करून ती निघून गेली. त्यानंतर वर्गात हजेरीलाही ती नुसता हात वर करू लागली.

रेडिओनं घरी सांगितलं, तेव्हा आई म्हणाली, "अगं, गंमत केलीस. होईल दोन दिवसांत गार."

आत्या रुग्णालयात नर्स होती. ती जेवता जेवता थांबली.

"गंमत? तिनं तुझ्यापुढे कधी लाज बाळगली नाही, म्हणून तुला ते बोट दिसलं. तिनं विश्वासानं दाखवलेलं तू चव्हाट्यावर मांडलंस!"

"पण आत्या, तीसुद्धा हसली..."

"मग काय करणार होती? भांडायलाही शब्द लागतात ना! आणि वहिनी, हिला टाळ्यांची चटक आपणच लावली. त्या खोकणाऱ्या काकांना आपण कधी विचारलं?"

रेडिओचा घास तोंडातच राहिला. अरे देवा, काय करून बसलो आपण!

दुसऱ्या दिवशी ती मैत्रिणीच्या दारात उभी राहिली. "चुकलं माझं," एवढंच बोलली आणि रडायला लागली. मैत्रिणीनं डोळे मिटले. तिचं बोट चौकटीवर आपटू लागलं.

"तू आता मा... मा... माझ्याकडे ये... ये..."

वाक्याचा शेवट रेडिओला केव्हाच कळला होता. सवयीनं शब्द जिभेवर आलासुद्धा. पण आयुष्यात पहिल्यांदा तिनं तोंड मिटलं आणि वाट पाहिली.

"...येऊ नकोस."

दार बंद झालं. ते पुन्हा उघडलं नाही.

आता पाहुणे विचारतात, "काय, रेडिओ बिघडला वाटतं?" आत्या म्हणते, "नाही, दुरुस्त झाला. फार उशिरा झाला."

वाचकहो, ज्याला आपण हसतो तोही हसतोय, एवढ्यावर निभावत नाही. माणूस आपली उणीव आपल्याला दाखवतो, ती सांभाळायला. तिच्यावर टाळ्या कमवाल, तर टाळ्याच उरतील. आणि घरातल्या थोरांनो, त्या टाळ्या आधी तुमच्या हातांनी वाजलेल्या असतात!