वरदचे कपडे दिसत नाहीत

आखातात, अल क्वोजमधल्या वरद केळुसकरच्या स्टुडिओबाहेर तनया पुन्हा एकदा ताटकळत उभी होती. शेजारच्या गॅरेजात ग्राइंडर किंचाळत होता, त्यामुळे आत कोणी आहे की नाही तेही कळत नव्हतं. कॅमेरामन उझैर गाडीत एसी लावून बसला होता. त्यानं काच खाली केली.

"मॅडम, आज भी नहीं खोलेगा. चलें?"

तनयानं पुन्हा दार बडवलं.

वरदवरच्या डॉक्युमेंटरीला ती वर्षभर चिकटून होती. दोघंही अल मनखूलमध्ये वाढलेले, मंडळाच्या गणपतीत एकत्र नाचलेले. हा मुलगा अबाया, म्हणजे बायकांचे काळे पायघोळ झगे, शिवायला लागला तेव्हा मंडळातल्या काकवा तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. मग त्याच्या अबाया इमिराती बायका हौसेनं घालायला लागल्या. काळ्या कापडाला तो असा काही कट द्यायचा, की ते बाईच्या चालीबरोबर वळायचं, नुसतं लोंबायचं नाही. मासिकांत फोटो आले. आणि सगळ्यात मोठ्या शोच्या सकाळी त्यानं अख्खं कलेक्शन कात्रीनं फाडलं आणि हॉस्पिटलात भरती झाला. चॅनेलला त्याच्यावर फिल्म हवी होती ती या फाडाफाडीमुळेच. तनयाला हे कोणी तोंडावर सांगितलं नव्हतं, पण तिला कळत होतं.

शेवटी दार उघडलं. दाढी वाढलेली, बोटांत ब्लेड.

"आज नको. बाही बसत नाहीये," वरद म्हणाला.

"मग तेच शूट करू ना. बाही बसवताना."

"न बसलेली बाही जगाला दाखवू?"

तरी त्यानं त्यांना आत घेतलं. पुतळ्यावरच्या अबायाची बाही तनयाला अगदी व्यवस्थित वाटत होती. तिच्यादेखत त्यानं ती ब्लेडनं उसवली. उसवता उसवता तो शाळेबद्दल बोलला, डॉक्टरांबद्दल बोलला, गोळ्यांनी हात कसे जड होतात ते सांगून हसवलंही. पण कॅमेरा कापडाकडे वळला की तो मध्ये येऊन उभा राहायचा. "त्याचं नको. तयार झालं की सांगतो." तयार काही होत नसे.

त्याच्या आईची, सुचित्राकाकूंची तऱ्हा वेगळीच. त्यांनी इंटरव्ह्यूआधी पोहे खायला घातले, हॉलमध्ये वरदच्या बक्षिसांची रांग मांडली आणि कॅमेऱ्यासमोर पहिल्या वर्गातल्या चित्रकलेपासून सुरुवात केली.

"काकू, तो आजारी पडला तेव्हा..."

"ते दमल्यामुळे गं. कामाचं टेन्शन."

"पण डॉक्टर म्हणाले होते ना—"

"तनया," काकूंनी आवाज खाली आणला, "त्याचं लग्न व्हायचंय अजून. तू घरची म्हणून तुला आत घेतलं. कॅमेरा बंद कर बघू."

चॅनेलची अनुपमा दर आठवड्याला फोन करायची. "यल्ला, जल्दी, तनया, स्टोरी किधर है?" तनया इन्शाल्ला म्हणून वेळ मारून न्यायची आणि फोन ठेवल्यावर उशीत तोंड खुपसून ओरडायची. एक माणूस हवं ते दाखवू देत नव्हता, दुसरी हवं ते बोलू देत नव्हती, आणि तिसरीला नेमकं तेच हवं होतं.

मग मार्चमध्ये वरदनं स्वतःच बोलावलं. "ये. झालंय तयार."

ती आणि उझैर पोचले तेव्हा नवं कलेक्शन ओळीनं पुतळ्यांवर होतं. तनया पुढं होऊन नीट पाहणार, तोच वरदनं पहिल्याच अबायाचा खांदा चिमटीत धरला. बराच वेळ धरून ठेवला. मग टेबलावरची कात्री उचलली.

"वरद, थांब. वरद!"

तो थांबला नाही. रागात नव्हता तो, हेच भयंकर होतं. शांतपणे, एका पुतळ्यावरून दुसऱ्यावर जात, तो कपडे वरपासून खालपर्यंत कापत गेला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो पुटपुटत होता, "चूक आहे. सगळं चूक आहे." उझैरचा कॅमेरा चालू होता. तनयानं तो बंद करायला सांगितलं नाही. तिनं काकूंना फोन केला.

काकू टॅक्सीनं आल्या, घरातल्याच गाऊनवर ओढणी टाकून. त्यांनी कॅमेऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. वरदच्या मनगटाला धरून म्हणाल्या, "चल राजा. डॉक्टरांकडे जाऊ." त्यानं कात्री त्यांच्या हातात दिली.

अनुपमाला ते फुटेज बघून आनंद लपवता आला नाही. "धिस इज द ओपनिंग! बस, खलास, फिल्म बन गयी."

उन्हाळाभर तनयानं एडिटिंग केलं. वरद घरी आला, गोळ्या नियमित घ्यायला लागला, थोडा जाड झाला. वरदला दाखवल्याशिवाय चॅनेलला फिल्म द्यायची नाही, असं तिनं ठरवलं होतं. ती लॅपटॉप घेऊन त्याच्याकडे गेली. कात्रीचा सीन आला तेव्हा तिनं स्क्रीनऐवजी त्याच्याकडे पाहिलं. वरद हलला नाही. फिल्म संपली.

"यात माझे कपडे कुठं आहेत?"

"म्हणजे?"

"माझं तोंडच आहे सगळीकडं. रडताना, हसताना, झोपताना. बाई कपडा घालून चालतेय, असं एकदा तरी आहे का?"

वर्षभराचा साचलेला राग तनयाच्या तोंडून बाहेर पडला. "तू दाखवू दिलेस का कपडे? उसवलेस, लपवलेस, फाडलेस! मी काय शूट करायचं होतं, चिंध्या?"

काकू स्वयंपाकघरातून धावत आल्या. वरद मात्र शांत होता.

"ओरडू नकोस. जे विकले गेलेत त्यांना मी हात लावू शकत नाही. ते शोध ना."

रस्ताभर ती चरफडत होती, कारण तो बरोबर होता.

जुन्या गिऱ्हाइकांपैकी बहुतेकींनी नकार दिला. होकार आला तो शेजारच्या अजमानहून. सुमैय्या मूळची हैदराबादची, अजमानच्या एका शाळेत गणित शिकवायची. वरद नवखा होता तेव्हा तिनं त्याच्याकडून अबाया शिवून घेतली होती आणि ती अजून वापरात होती. उझैरनं तिला चालताना शूट केलं, गाडीत बसताना, धाकट्या मुलीला कडेवर घेताना. फळ्यावर वरपर्यंत लिहायला तिनं हात उचलला तेव्हा बाही कोपराकडे घसरली नाही, खांदाही ओढला गेला नाही. बाही हाताबरोबर वर गेली आणि हाताबरोबर खाली आली.

"औरों में मुझे एक हाथ से आस्तीन पकड़नी पड़ती है," सुमैय्या म्हणाली. "इसमें दोनों हाथ मेरे हैं."

तनया मॉनिटरकडे बघत राहिली. वर्षभर ज्याला ती हुशार हुशार म्हणत होती, त्याची हुशारी तिला त्या दिवशी पहिल्यांदा दिसली.

अनुपमानं तो भाग पाच मिनिटंही पाहिला नाही. "टीचर को कौन देखेगा?" असं म्हणून तिनं फिल्म दुसऱ्या एडिटरकडे दिली. आधीचं सगळं फुटेज चॅनेलच्या मालकीचं होतं आणि वरदनं सुरुवातीलाच संमतीपत्रावर सही केलेली होती. तनया भांडली, मेल पाठवले, वकिलाला भेटली. काही झालं नाही. तिनं श्रेयनामावलीतून आपलं नाव काढून घेतलं, एवढंच तिच्या हातात होतं. फिल्म आली. कात्रीपासूनच सुरू झाली. लोकांनी भरपूर पाहिली.

तिनं वरदला फोन केला. "पाहिलीस?"

"नाही. आई बघून आत जाऊन बसलीये. मंडळातून फोनावर फोन येतायत." मग म्हणाला, "तुझं ते अजमानचं पाठव."

ते फुटेज तिचं स्वतःचं होतं, पदरच्या पैशांनी शूट केलेलं. तिनं लगेच पाठवलं आणि फोन हातात धरून बसून राहिली. तो काहीतरी बोलेल, निदान थँक्यू म्हणेल, असं तिला वाटत होतं.

तासाभरानं फोन आला. "डावा खांदा उतरलाय. फळ्याच्या सीनमध्ये बघ. तिला सांग अबाया पाठवायला, मी नीट करून देतो."

"एवढंच दिसलं तुला?"

"मग काय दिसायला हवं होतं?"

तनयानं कपाळावर हात मारला. तरीही तिनं अजमानला फोन लावला आणि निरोप दिला.

"बिलकुल नहीं," सुमैय्या म्हणाली. "वो फाड़ देगा. उसको बोलो, कंधा ठीक है."

तनयानं ते वरदला जसंच्या तसं सांगितलं. पलीकडे शिलाई मशीन चालू होतं, ते थांबलं.

"ठीक नाहीये," तो चिडून म्हणाला. "नंबर दे तिचा. मीच बोलतो."