मधले सहा तास

टेस्ट ट्यूब बेबीच्या लॅबमध्ये सगळे तिला घड्याळबाई म्हणत, आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडायचं. इन्क्युबेटरमधला कॅमेरा दर दहा मिनिटांनी प्रत्येक गर्भाचा फोटो काढायचा. कुठला गर्भ किती वाजता एका पेशीचा दोन पेशींचा झाला, दोनांचा चार पेशींचा झाला, हे तिला तोंडपाठ असायचं. आणि दुसऱ्यांच्या चुका काढण्यात तर तिचा हात कुणी धरला नसता.

त्या दिवशी सकाळी साडेनऊला डॉक्टरांनी शिवणकाम करणाऱ्या एका पेशंटचा, शिंपीणबाईंचा, रिपोर्ट उघडला आणि ही हातातलं काम सोडून ऐकू लागली.

शिंपीणबाईंचा एकच गर्भ उरला होता. तिसरी खेप, आणि शेवटची. यापुढे जिवाला आणखी छळणार नाही, असं त्यांनी बजावून ठेवलं होतं. अकरा वाजता तो गर्भाशयात सोडायचा होता. सासूबाईंना घेऊन त्या बाहेर येऊन बसल्यासुद्धा होत्या. पाचव्या दिवसाचा गर्भ दिसायला गोल, भरलेला, दृष्ट लागावी असा. पण रिपोर्टात लाल शेरा होता: एका पेशीच्या थेट तीन झाल्या. असे गर्भ सहसा रुजत नाहीत, म्हणून या दवाखान्यात ते वापरत नसत. डॉक्टर म्हणाले, वाईट वाटतं, पण रद्द करा. त्यांना मीच सांगतो.

आता थेट तीन झाल्या, की आधी दोन आणि मग तीन, हे कुणाच्या बापाला माहीत नव्हतं. कारण चार दिवसांपूर्वी दुपारी एकला हिनंच दुसरी डिश बघायला कॅमेरा थांबवून इन्क्युबेटरचा खण उघडला होता आणि कॅमेरा पुन्हा सुरू करायला विसरली होती. संध्याकाळी सातला लक्षात आलं तेव्हा पाचावर धारण बसली. गुपचूप बटण दाबलं आणि मूग गिळून बसली. मशीननं बिचाऱ्यानं एकच्या फोटोतल्या एका पेशीला सातच्या फोटोतल्या तीन पेशी जोडल्या आणि शेरा मारून मोकळं झालं.

गर्भ छान वाढतोय, कोण कशाला विचारतंय, अशी तिनं मनाची समजूत घातली होती. आताही गप्प बसली असती तर नाव शाबूत राहिलं असतं. कसलं डोंबलाचं नाव!

डॉक्टर दाराशी पोचले तेव्हा ती बोलली.

"सर, थांबा. तो शेरा चुकीचा असू शकतो. मधले सहा तास कॅमेरा बंद होता. माझ्यामुळे."

डॉक्टरांनी तिला असं काही फैलावर घेतलं की धाकट्या सहकारिणीनंच मान खाली घातली. शेवटी म्हणाले, हे त्यांना तूच सांगायचं, माझ्यासमोर.

तिनं सांगितलं. सासूबाई ताडकन उठल्या. सुनेनं त्यांना हाताला धरून खाली बसवलं. मग गर्भ चांगला आहे की नाही, असं शिंपीणबाईंनी विचारलं. ते आता कुणालाच सांगता येणार नाही, ती म्हणाली.

"आणि तुम्ही बोलला नसता तर?"

"टाकून दिला असता."

शिंपीणबाई उठून उभ्या राहिल्या. "सोडा तो आत," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही हात लावायचा नाही."

ते तिच्या जिव्हारी लागलं, आणि लागायलाच हवं होतं.

अकरा वाजता धाकटीनं गर्भ बारीक नळीत ओढून घेतला. ही साक्षीदार म्हणून शेजारी, हात पाठीमागे बांधून उभी. डॉक्टरांनी गर्भ आत सोडला आणि नळी परत दिली. कधीकधी गर्भ नळीतच चिकटून राहतो, म्हणून ती मायक्रोस्कोपखाली तपासायची असते. धाकटी बघत राहिली. एक मिनिट झालं, दोन झाली. सरक, मी बघते, असं हिच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"रिकामी आहे," धाकटी म्हणाली.

पडद्यापलीकडून शिंपीणबाईंचा आवाज आला. "त्या बाईंनाही बघू दे. त्या खरं सांगतील."

ती वाकली. डोळे भरून आले होते, काही दिसेना. तिनं ते बाहीनं पुसले आणि पुन्हा नीट, टोकापासून टोकापर्यंत पाहिलं.

"रिकामी आहे," ती म्हणाली.