दहाव्या खुर्चीवरचा टॅब

मी टॅब बोलतोय. हसू नका. आजकाल माणसांचं निम्मं बोलणं मीच पोचवतो, तेव्हा एकदा माझंही ऐका.

२०१४ साली डॅनीनं मला पनवेलच्या बाजारातून घेतलं, आईच्या हातात ठेवलं आणि तो बायकोमुलीसह इस्रायलला निघून गेला. इथल्या बेने इस्रायली ज्यू घरांतली पोरं अशीच एकेक करून गेलेली. मागे उरले तळोज्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले सामाजी आणि त्यांची बायको अबीगेल.

सामाजींना मी पहिल्या दिवसापासून खटकलो. "पोरगं जाताना खेळणं देऊन गेलं," म्हणाले. पण नात ओर्ली माझ्यात हसली आणि गृहस्थ विरघळले. चष्मा पुसून पुसून माझ्यासमोर बसायला लागले. अबीगेलबाई तर मलिद्याचं ताटही मला दाखवायच्या. गूळखोबऱ्याचे पोहे, बाजूला फळं. "बघ गं ओर्ली, देवाचा मलिदा. तुझ्या वाटचा मीच खाते हं."

शुक्रवारी दिवस मावळायला आला, की शब्बाथ लागायचा. मग मला बंद करून रुमालात गुंडाळत आणि कपाटात ठेवत. "सहा दिवस पोराचे, सातवा देवाचा," हा सामाजींचा कायदा. अबीगेलबाई कुरकुरायच्या, "अहो, शनिवारीच तर तिकडे त्याला सुट्टी असते!" पण शब्बाथचे दिवे लावण्याआधी कपाटाची कडी त्याच घालायच्या. मला फार राग यायचा. आता वाटतं, माझी जागा ठरलेली होती तेच सुखाचे दिवस होते.

अबीगेलबाई गेल्या. डॅनीला वेळेत पोचता आलं नाही. आईला माती दिलेली त्यानं माझ्यातूनच पाहिली.

वर्ष झालं. त्या दिवशी गेलेल्याच्या नावानं सिनेगॉगमध्ये कद्दिश ही प्रार्थना म्हणतात, मुलानं म्हटली तर उत्तम. पण त्याला दहा पुरुष हजर लागतात. डॅनीला याही वेळी रजा मिळाली नाही, म्हणून सामाजीच म्हणणार होते. सामाजी धरून नऊ जण जमले. दहावा अलिबागहून यायचा होता, तो तापानं फणफणला.

"पप्पा, टॅब खुर्चीवर ठेवा," डॅनी माझ्यातून म्हणाला. "दहावा मी. आईची कद्दिश मीच म्हणतो."

सामाजींनी मला खरंच खुर्चीवर ठेवलं. मी असा फुगलो म्हणता! प्रार्थना चालवणाऱ्या हज्जानांनी मात्र पुस्तक मिटलं.

"सामाजी, माणसं एका छपराखाली लागतात रे."

"अहो, जग कुठे चाललंय!" मागून कोणीतरी म्हणालं. "एवढं काय धरून बसायचं? बिचारीचं वर्ष आहे."

सगळे सामाजींकडे बघत राहिले. बायकोची कद्दिश की बायकोनं आयुष्यभर पाळलेली रीत? त्यांनी मला दोन्ही हातांनी उचललं.

"डॅनी, तू ये. आलास की म्हणू. तुझ्या आईला थांबायची सवय आहे."

"पप्पा, असं काय करता? मी इथेच तर आहे ना!"

"नाहीयेस रे बाळा," म्हणाले आणि सगळ्यांदेखत रडले. माझा सगळा फुगा तिथेच फुटला.

डॅनीनं पेसाहच्या सणाचं तिकीट काढलं. सामाजी शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत सुटले, घराला रंग काढला. सण आठवड्यावर आला असताना दुपारी आडवे झाले ते उठलेच नाहीत.

डॅनी आला तेव्हा माती देऊन झाली होती. काल घरी पोचल्यावर त्यानं ठाणे, अलिबाग, रेवदंडा, सगळीकडे माझ्यावरूनच निरोप धाडले. "उद्या सकाळी आईपप्पा दोघांची कद्दिश आहे. कृपा करून या." आज सकाळपासून "पोचलो", "पोचलो" अशी उत्तरं येतायत. दहापेक्षा जास्तच झाले असतील.

मी रिकाम्या घरात टेबलावर पडून आहे. घर विकायला काढलंय, माझं काय होईल माहीत नाही. एवढंच सांगतो, बाबांनो. माझ्यात रोज दिसणाऱ्या म्हाताऱ्यांना जमेल तेव्हा नाही, आत्ता भेटून या. निरोप मी कितीही पोचवीन, तुम्हाला पोचवणं मला जमत नाही.

थांबा, मी वाजतोय. डॅनीचा फोन आहे. सिनेगॉगमधून बाहेर पडला असेल. कद्दिश झाली म्हणून सांगायला सवयीनं 'पप्पा' या नावावर बोट गेलं असेल.

मी वाजतोच आहे. त्याच्या अजून लक्षात आलेलं नाही.