डावीकडं ओढणारी गाडी

"चाचा, टायरॉड नवा, बुश नवा, क्लचची केबल नवी. आता अजून काय बदलू, तुमीच सांगा," गाडीखालून सरपटत बाहेर येत बाबूसिंग म्हणाला आणि त्यानं कोपरानं कपाळ पुसलं.

लिंबाखालच्या बाकड्यावर बसलेला रामप्रसाद गाडीकडं बघत राहिला. हिंगोलीहून नरसीकडं निघालं की लागणाऱ्या या गॅरेजात तो तिसऱ्यांदा आला होता. तक्रार तीच. चालता चालता गाडी डावीकडं ओढते आणि दुसऱ्यातून तिसरा टाकताना गिअर कर्रकन ओरडतो. पहिल्या खेपेला बाबूसिंगला खोट सापडली होती. चाकं वळवणाऱ्या टायरॉडची गोळी झिजलेली, गिअरच्या दांड्याखालच्या बुशाचा पार भुगा झालेला. दोन्ही बदलून रामप्रसाद खुशीत घरी निघाला, आणि वाटेतल्या पुलाच्या अलीकडंच गाडी पुन्हा साइडपट्टीवर उतरली. दुसऱ्या खेपेला चाकांची हवा झाली, अलाइनमेंट झालं, गिअरबॉक्सचं तेलही बदललं. गाडी ओढतच राहिली.

"थांबा, एक चक्कर मारून येतो," म्हणत बाबूसिंग गाडी घेऊन गेला आणि थोड्या वेळानं परत आला. "सुतासारखी सरळ चालते, चाचा. गिअर तर लोण्यात सुरी जावी तसा पडतो."

"मंग माझ्याच हातात काहून ओढून राहिली?" रामप्रसाद उसळला. "गाडीला काय माणूस वळखू येतंय व्हय?"

बाबूसिंग हसला नाही. त्यालाही काही उमजत नव्हतं.

रामप्रसादच्या बापानं जन्मभर मेंढरं राखली. रामप्रसादनं ही डिझेल गाडी राखली. घेतली तेव्हाच ती जुनी होती. पण नरसीच्या अलीकडच्या त्या लहानशा गावात रात्री-बेरात्री दवाखान्यात न्यायला तेवढं एकच वाहन होतं. गावातली निम्मी लेकरं जन्माआधी त्याच्या गाडीत बसून हिंगोलीला गेली होती. एक तर वाटेतच, मागच्या सीटवर जन्मलं. बायकांना दणका बसू नये म्हणून खड्डा आला की दुसऱ्या गिअरमध्ये गाडी कशी सोडायची, हे त्याच्या पायाला पाठ होतं. लोक तिला रामप्रसादची गाडी म्हणतच नसत. "आपली गाडी हाय का गावात?" असं विचारत.

आणि आता त्याच गाडीत बसायला लोक कचरू लागले होते. जवळा बाजार गावच्या आठवडी बाजाराला चार बायका घेऊन तो निघाला होता, तेव्हा समोरून ट्रॅक्टर आला, रामप्रसादनं गाडी जराशी बाजूला घेतली आणि ती जी डावीकडं निघाली ती थेट पुलाच्या कठड्याला घासत गेली. बायका किंचाळल्या. कुणाला खरचटलंही नाही, पण म्हातारी रुख्मिणीबाई तिथंच उतरली आणि म्हणाली, "बाबा, तुझी गाडी आता म्हातारी झाली. म्या यष्टीनं जाते."

रामप्रसादनं त्या दिवशी गाडीला मनातल्या मनात शिव्या घातल्या. मग घरी आल्यावर तिच्या बोनेटवर हात ठेवून बराच वेळ उभा राहिला. हिच्यात नक्की काय बिघडलं? कधी वाटे, स्टेअरिंग जड झालंय. कधी वाटे, क्लचवरचा पाय खालपर्यंत जातो तरी प्लेट सुटत नाही. ऐकावं कुणाचं, बाबूसिंगचं की आपल्या हातापायांचं? एकदा तर तो गाडी लावून घरात शिरला तेव्हा बायको चंद्रभागाबाई त्याच्या पायांकडं बघत म्हणाली, "डावी चप्पल कुठं सोडली वो?" खाली बघितलं तर डावा पाय अनवाणी. चप्पल गाडीपाशी पडली होती. "ध्यान न्हाई ऱ्हायलं," तो म्हणाला. त्याला तेव्हा गाडीशिवाय दुसरं काही सुचतच नव्हतं.

शेजारच्या तातेरावाच्या सुनेचे दिवस भरत आले होते. "रामप्रसादभाऊ, तारीख जवळ आली. गाडी तयार ठिवा बरं," असं तातेरावानं सांगून ठेवलं होतं. त्यानंही शब्द दिला होता. म्हणून तर ही तिसरी खेप.

बाबूसिंगनं हात पुसले. "चाचा, असं करा. तुमी चालवा. मी बाजूला बसतो."

गाडी निघाली. पहिला पडला, दुसरा पडला. तिसऱ्याला कर्रर्र.

"ऐकलं का? ऐकलं?" रामप्रसाद जवळजवळ आनंदानं ओरडला. खोट सापडल्याचा आनंद.

बाबूसिंग आधी गिअरच्या दांड्याकडं बघत होता, आता खाली बघत होता. थोडं पुढं गेल्यावर म्हणाला, "क्लच पुरा दाबा, चाचा."

"दाबलाच हाय की."

"पुरा दाबा."

"अरे, पार तळाला टेकवला! तुला दिसत न्हाई का?"

"जरा बाजूला घ्या गाडी."

गाडी थांबली. थांबताना ती डावीकडं इतकी गेली की चाक गवतात उतरलं. "पाय तसाच ठिवा," बाबूसिंग हळूच म्हणाला. "अन् आता खाली बघा."

रामप्रसादनं खाली बघितलं. क्लचचा पेडल अर्ध्यावर होता. त्याचा पाय त्यावर नुसता ठेवल्यासारखा पडला होता. पाय मात्र आतून सांगत होता, तळाला टेकलोय. त्यानं जोर लावला. पाय म्हणाला, लावला. पेडल हललाही नाही.

मग त्याची नजर स्टेअरिंगवर गेली. उजवा हात चाक धरून होता. डावा हात चाकावर लोंबत होता, ओल्या गोधडीसारखा, आणि आपल्या वजनानं चाक खाली, डावीकडं ओढत होता.

तो कितीतरी वेळ त्या हाताकडं बघत राहिला. दुसऱ्या कुणाचा हात कुणी आणून आपल्या खांद्याला लावलाय असं त्याला वाटलं.

"बाबूसिंग," तो शेवटी म्हणाला, "गाडी बराबर हाय ना रे?"

बाबूसिंग खिडकीबाहेर बघत होता. "गाडी बराबर है, चाचा," एवढंच तो म्हणाला. मग उतरून पलीकडून आला, रामप्रसादला हाताला धरून डाव्या सीटवर बसवलं आणि गाडी गॅरेजकडं न वळवता सरळ हिंगोलीच्या दवाखान्यात नेली.

डॉक्टर तरुण होते, समजावून बोलले. मेंदूच्या नसेत काही आठवड्यांपूर्वी बारीक गुठळी अडकून गेली होती. दुसरा मोठा झटका यायच्या आत आलात हे बरं झालं, गोळ्या घ्या, व्यायाम करा, हातात पुष्कळ बळ परत येईल. "पण गाडी चालवायची नाही, काका." रामप्रसादनं मान हलवली. पण झटका म्हणजे माणूस धाडकन पडतो, तोंड वाकडं होतं. आपण तर चालत होतो, जेवत होतो, गाडी हाकत होतो. मग तो झटका नेमका आला कधी? पुलाच्या आधी की नंतर? हे कोडं त्याला कुणीच सोडवून दिलं नाही.

आठवडाभरानं, न्याहारीच्या वेळी तातेरावाचा पोरगा ओमप्रकाश धावत आला. "काका, तिच्या पोटात दुखून राहिलं! एकशे आठच्या अँब्युलन्सला फोन लावला, ते म्हणतात गाडी वसमतकडं गेली, वेळ लागंल."

चंद्रभागाबाईनं नवऱ्याकडं बघितलं. रामप्रसादनं खुंटीवरची किल्ली काढली आणि ओमप्रकाशच्या हातावर ठेवली. "ट्रॅक्टर हाकतोस न्हवं? मंग चल. म्या बाजूला बसतो."

सून आणि तिची सासू मागं बसल्या. वाटेत रामप्रसाद बोलत राहिला. "हितं दुसरा टाक. आता सोड हळू. पोरीला दणका लागू देऊ नको. हां, आता तिसरा." ओमप्रकाशनं तिसरा टाकला. रामप्रसादनं नकळत कान टवकारले. गिअर आवाज न करता पडला. पुलावरून गाडी रस्त्याच्या मधोमध सरळ गेली. कुठं म्हणून ओढली नाही. त्याला बरं वाटलं, आणि का कुणास ठाऊक, वाईटही वाटलं. एवढीशी तरी ओढायला हवी होती.

दवाखान्याच्या दारात गाडी थांबताच सगळी धावपळ झाली. स्ट्रेचर आलं, सून आत गेली, तिच्यामागं सासू, तिच्यामागं ओमप्रकाश. मागचं दार उघडंच, इंजिन तसंच धडधडत राहिलं. रामप्रसाद सावकाश उतरला, गाडीला वळसा घालून पलीकडं आला, खिडकीतून उजवा हात आत घालून त्यानं किल्ली फिरवली. गाडी एकदा थरथरली आणि शांत झाली. मागचं दार त्यानं लावून घेतलं.

तेवढ्यात वॉचमन काठी आपटत आला. "ओ, ही गाडी कुणाची? दारातून काढा आधी! डायवर कोण हाय?"

रामप्रसाद सरळ उभा राहिला. डावा हात त्यानं उजव्यानं धरून पोटाशी घेतला.

"गाडी माझी हाय," तो म्हणाला. "डायवर आत गेलाय. येईल आता."