दुरुस्त नकाशा

साथ येण्याआधी कंपनीचे नकाशे लोकांना हॉटेलं आणि पेट्रोलपंप दाखवायचे. साथ आली, सगळे दाराला कड्या लावून बसले, आणि कुणाला कुठे जायचंच नाही म्हटल्यावर नकाशाला विचारतो कोण? तेव्हा कंपनीला समाजाची आठवण झाली. धंदा बसल्याशिवाय मोठ्या लोकांना समाज आठवत नाही, हे काही नवीन नाही.

तर कंपनीने 'शेजार' नावाचा नकाशा काढला. ज्या घरात आजारी माणूस, त्या घरावर लाल रंग. जितके आजारी जास्त, तितका रंग गडद. शेजाऱ्यांनी तो मोबाइलवर बघायचा आणि मदतीला धावायचं, अशी कल्पना. ती ज्या बैठकीत निघाली, तिथे आयुष्यात कधी शेजारी लाभलेला एकही माणूस नसावा.

कामाला त्या त्या भागातलीच मुलं घेतली. इंटर्नशिप म्हणून. काम घरून, शेवटी प्रमाणपत्र, आणि चांगलं काम करणाऱ्याला पुढे नोकरी मिळू शकेल, असं कंपनी म्हणत होती. मुलांनी त्यातलं 'नोकरी' तेवढं ऐकलं.

सुताराची धाकटी त्यातलीच एक. थोरली लग्न होऊन लांब गेलेली, त्यामुळे दोन खोल्यांत आई, बाबा आणि ही. बाबांची मूत्रपिंडं निकामी झाल्यापासून त्यांचं काम सुटलं होतं. ठरलेल्या वारी त्यांना डायलिसिसला न्यावं लागे. गल्लीतलाच एक टॅक्सीवाला काका नेऊन आणायचा. पाळी चुकली की आधी पाय सुजायचे, मग चेहरा, मग धाप. "एखादी चुकली तर बघू, पण लागोपाठ दोन चुकवू नका," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पुढचं त्यांनी सांगितलं नाही आणि घरातल्या कुणी विचारलंही नाही.

काम सोपं होतं. लोक मदतीच्या नंबरवर फोन करत, त्यांचे पत्ते यादीने धाकटीकडे येत. पत्ता शोधायच्या चौकोनात टाकायचा, सापडला की त्या घरावर नोंद. न सापडला तर 'अंदाजे' नावाचं बटण होतं. ते दाबलं की यंत्र ती नोंद त्या भागाच्या बरोब्बर मध्यावर टाकून मोकळं व्हायचं. आता वस्तीतले पत्ते कसे असणार? 'पंक्चरवाल्याच्या मागे, जिना चढून, हिरवं दार.' 'जुन्या टाकीपासून आत, कुणालाही विचारा.' यंत्र कुणालाही विचारत नसे. फोन करून नीट विचारून घ्या, असं नियमात लिहिलं होतं, पण रोज संध्याकाळी कोणी किती नोंदी उरकल्या याची क्रमवारी लागायची, आणि विचारत बसणारी मुलं तळाला असायची. धाकटी तळाला बसायला आली नव्हती. तिने 'अंदाजे' दाबलं, आणि दाबत राहिली. पहिला नंबर तिचाच. आईने तो फोनवर थोरलीला दोनदा सांगितला.

नकाशा खुला झाला त्या सकाळी दारात कंपनीच्या मदतीची गाडी उभी राहिली. दोन माणसं तोंडं बांधून उतरली आणि खोकीच्या खोकी उंबऱ्याशी लावू लागली. औषधाच्या गोळ्या, थर्मामीटर, हातमोजे, बिस्किटं.

"अहो, कुणाची ही?" आई म्हणाली.

"तुमचीच. नकाशात पत्ता हाच आहे. काळजी घ्या सगळ्यांची." शेवटचं खोकं त्यांनी लांबूनच ढकललं.

"घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं," आई पुटपुटली. "इतक्या थर्मामीटरनी ताप मोजू कुणाचा? भांड्यांचा?"

बाबांना हसू आलं. ते हसत होते तोवर समोरच्या खिडक्या एकेक करून उघडल्या, आणि एकेक करून लागल्या. धाकटीने फोन उघडला. सगळी गल्ली फिकट होती आणि तिच्या मध्यभागी एकच घर गडद लाल. ज्यांचा ज्यांचा पत्ता तिला सापडला नव्हता, ते सगळे आजारी तिच्याच छपराखाली येऊन पडले होते. भागाचा मध्य तिचंच घर होतं, आणि हे बघायची तिला कधी गरजच पडली नव्हती. वडाची साल पिंपळाला लावता लावता तिने आपल्याच घराला आजाराची साल गुंडाळली होती.

दुपारी गल्लीतल्या पुरुषांनी दारासमोर दोन बाकडी आडवी टाकली आणि दोरी बांधली. किराणावाला पुढारी होता.

"अहो, आमच्यात कुणी आजारी नाहीये!" धाकटी खिडकीतून ओरडली. "चूक झालीये. मीच त्या कंपनीत काम करते, मला विचारा ना."

"तूच काम करतेस ना? मग तूच भरलं असशील," किराणावाला म्हणाला. यात त्याचं काही चुकलं नव्हतं, आणि म्हणून ती आणखी चिडली.

डायलिसिसचा दिवस उजाडला. टॅक्सीवाल्या काकाने फोन उचलला आणि बराच वेळ नुसता खाकरत राहिला. "माझ्या घरी दोन लहान पोरं आहेत गं. तुझ्या बाबांसाठी जीव तुटतो, पण..." जीव तुटणारी माणसं गाडी काढत नाहीत. मग तिने डायलिसिसच्या केंद्रात फोन लावला. तिथल्या मुलीने पत्ता विचारला, नकाशा बघितला आणि गोड आवाजात म्हणाली, "तुमचं घर नकाशात लाल दिसतंय. पेशंटला तपासणीचा रिपोर्ट लागेल." तपासणीवाले म्हणाले, इतक्या गडद घरात आमची माणसं पाठवता येत नाहीत. रुग्णवाहिका म्हणाली, आम्ही नेऊ, पण साथीच्या वॉर्डात, आणि तिथे डायलिसिसचं मशीन नाही. सगळीकडून दार बंद आणि प्रत्येकाच्या हातात तिनेच भरलेला नकाशा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पाळी चुकली. दुसऱ्या दिवशी बाबांच्या घोट्यांवर बोट दाबलं की खड्डा पडून तसाच राहू लागला. त्याच्या पुढच्या दिवशी ते आडवे होईनात. खुर्चीत बसून, उशी पोटाशी धरून ते श्वास ओढत होते. आई त्यांच्या पाठीमागे उभी राहून पाठ चोळत होती आणि धाकटीकडे बघत नव्हती. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

दुसरी पाळी उद्या सकाळी होती. धाकटीने कंपनीतल्या मॅडमना व्हिडिओवर गाठलं. मॅडम कुठल्यातरी झाडांच्या चित्रासमोर बसल्या होत्या. उंटावरून शेळ्या हाकणारी माणसं असतात, त्या विमानातून हाकत होत्या.

"मॅडम, ते सगळे 'अंदाजे'वाले माझ्या घरावर पडलेत. ते काढून टाका ना."

"अगं, काढता कसे येतील? एकूण आकडा जाहीर झालाय. परवा कार्यक्रम आहे, मोठी माणसं येतायत. आकडा कमी झाला तर मी तोंड काय दाखवू?"

"मग मला त्यांचे फोन नंबर द्या. मी एकेकाला विचारून खऱ्या घरावर टाकते."

"नंबर आपण रोजच्या रोज पुसतो, राणी. लोकांची खासगी माहिती आहे ती. असं बेजबाबदार वागून चालेल का?"

"म्हणजे ते लोक कोण होते ते आता कुणालाच माहीत नाही?"

आजारी लोकांचा विचार मॅडमना पहिल्यांदाच शिवला असावा, आणि तो त्यांनी हळूच बाजूला ठेवला. "हे बघ, काढता येत नसले तरी सरकवता येतात. 'दुरुस्ती'त जा. सगळे एकाच जागी आहेत, तेव्हा गठ्ठ्याने सरकतील. भाग तुझाच आहे, तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. तुमच्यासारखी मुलं आम्ही त्यासाठीच तर घेतली."

"माझे बाबा मरतील, मॅडम."

"असं अभद्र बोलू नये," मॅडम म्हणाल्या. पुढची मीटिंग होती म्हणून त्या गेल्या.

धाकटीने 'दुरुस्ती' उघडली. गठ्ठा उचलून आधी मोकळ्या मैदानावर नेला. यंत्राने नाकारला; रुग्ण घरातच असला पाहिजे म्हणे. शाळेच्या इमारतीवर नेला. ते घर नव्हे. टाकीजवळच्या गोदामावर नेला. तेही नव्हे. आतल्या खोलीतून बाबांचा श्वास ऐकू येत होता, करवत ओल्या लाकडात अडकावी तसा. तिने गल्लीतल्या छपरांवरून बोट फिरवायला सुरुवात केली. किराणावाल्याच्या छपरावर ते थांबलं. हात शिवशिवला. पण त्याच्या घरात पोरंसोरं धरून अख्खं खटलं होतं, आणि तो हरामखोर उद्या बोंबलत कंपनीच्या दारात बसला असता. टॅक्सीवाल्यावर टाकून चालणार नव्हतं, सकाळी त्याचीच टॅक्सी हवी होती. असा एकेकाला सोडत ती गल्लीच्या टोकाला पोचली.

तिथे शिकवणीच्या बाई राहत. एकट्या. मूल नाही, भाऊबंद नाहीत. धाकटीला अपूर्णांक त्यांनीच शिकवले होते, आणि शिकवणीचे पैसे देता येईनात तेव्हा म्हणाल्या होत्या, "ये तू, कोपऱ्यात बस." बाई फारशा बाहेर पडत नाहीत. बाईंना डायलिसिस नाही. दोन-चार दिवसांचा तर प्रश्न, कार्यक्रम झाला की मॅडम काढतीलच. उलट मदतीची गाडी बाईंकडे जाईल, बिस्किटं मिळतील. माणूस पाप करताना किती समजूतदार होतो! धाकटीने बोट उचललं. बाईंचं छप्पर गडद लाल झालं, आणि तिचं स्वतःचं पांढरंशुभ्र.

नकाशा दुरुस्त झाला, असं धाकटीने रात्रीच घरात सांगितलं. सकाळी किराणावाल्याने स्वतः दोरी सोडली. "चूक झाली होती म्हणे. कंपनीने दुरुस्त केलं. मनात ठेवू नका हो," असं म्हणत त्याने बाबांना हाताला धरून टॅक्सीत बसवलं. केंद्रातल्या मुलीने पत्ता बघितला आणि गोड आवाजात आत बोलावलं. मशीन लागलं. बाबांच्या अंगातलं पाणी उतरलं, आणि संध्याकाळी ते घरी आले ते चहा मागतच. आई चुलीपाशी तोंड फिरवून रडली. धाकटी बाबांच्या पायांशी बसून त्यांचे घोटे पुन्हा पुन्हा दाबून बघत होती. आता खड्डा पडत नव्हता. तिला इतका आनंद झाला होता की बाईंची आठवणसुद्धा झाली नाही.

चहा संपतो न संपतो तोच दारात किराणावाला आणि आणखी दोघे उभे.

"तुमचीच गरज आहे," किराणावाला बाबांना म्हणाला. "टोकाच्या घरापुढे आज बाकडी टाकली, पण ती राहत नाहीत. बाई ढकलून बाहेर येतात, म्हणतात पाणी भरायचंय. आणि मुलांना चोरून शिकवणीला बोलवत असणार, त्याशिवाय एकटीच्या घरात एवढी साथ येते कुठून? दोन फळ्या ठोकून द्या. तुमच्यासारखं काम आम्हाला जमत नाही."

किती दिवसांनी कुणी बाबांना कामाला बोलावत होतं. आणि कालपर्यंत जी माणसं त्यांच्या दाराकडे बघत नव्हती, तीच बोलावत होती. ते लगेच उठले. "धाकटे, हत्यारांची पिशवी घे गं."

"बाबा, नको ना," ती म्हणाली. "बाईंना काही झालं नसेल. आपल्याला तरी कुठे झालं होतं?"

"आपल्या वेळी नकाशा चुकीचा होता," बाबा चपला घालत म्हणाले. "आता दुरुस्त केलाय ना? तूच तर म्हणालीस."

तिला बोलता आलं असतं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण सगळं सांगितलं तर ते सगळे आजारी परत येऊन कुठे पडणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि पुढची पाळी दोनच दिवसांवर होती. तिने पिशवी उचलली.

बाई खिडकीत उभ्या होत्या. हातात रिकामी कळशी. पुरुष लांब उभे राहिले. बाबा पुढे झाले आणि त्यांनी पहिली फळी चौकटीला लावून डोळा बारीक करून बघितली. फळी सरळ बसली होती.

"अगं, तू?" बाईंना धाकटी दिसली तसा त्यांचा चेहरा उजळला. "बरी आलीस. तू त्या नकाशावाल्यांकडेच आहेस ना? यांना समजावून सांग गं. माझ्या नावावर काहीतरी भलतंच चढलंय. जरा बघशील?"

"बघते, बाई," धाकटी म्हणाली.

"मला माहीत होतं," बाई किराणावाल्याकडे वळून म्हणाल्या. "माझी मुलगी आहे ती. बघेल म्हणाली."

बाबांनी फळी खांद्याने दाबून धरली आणि न बघता हात मागे केला. धाकटीने पिशवीतून खिळा काढून त्यांच्या तळव्यावर ठेवला.