बादलीवर बसणारा बाप

चेंडू थेट नडगीवर बसला आणि व्हर्लिन बादलीवरून उताणा पडला.

"बाबा! लागलं?" जोसी धावत आली.

"छे! डास चावला," तो म्हणाला. डोळ्यांत आलेलं पाणी त्याने घामात खपवलं.

आयोवातल्या त्या लहानशा गावात ज्याची मुलगी सॉफ्टबॉलची पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी, त्या बापाच्या नशिबी परसातली पालथी बादली ठरलेलीच. व्हर्लिन दिवसभर शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करायचा आणि संध्याकाळी बादलीवर बसून लेकीचे चेंडू झेलायचा. गावच्या मुलींच्या संघाचा कोचही तोच. आता दोन तासांवरच्या शहरातल्या ट्रॅव्हल टीमने अकरा वर्षांच्या जोसीला निवडलं होतं. होय की नाही, ते आज सहापर्यंत कळवायचं होतं. होय म्हटलं की दर शनिवार-रविवार परगावी सामने, दुसरा कोच, आणि गावचा संघ कायमचा सोडायचा.

त्याची बायको लोर्ना स्वयंपाकघराच्या दारात आली. "साडेपाच वाजले. काय ठरलं?"

"अगं, पोरीचं बालपण आहे की नाही? रविवारचं चर्च बुडणार, गुडघ्यांची वाट लागणार, मैत्रिणी तुटणार..."

"पोरीचं बालपण की तुझं?"

व्हर्लिनला ते झोंबलं, कारण ते खरं होतं. जोसी गेली तर संध्याकाळी करायचं काय, हे त्याला सुचत नव्हतं.

"तू सांग गं, तुला काय हवंय?" त्याने जोसीला विचारलं.

"तू म्हणशील ते," जोसी बुटाकडे बघत म्हणाली.

"बरं, मघाचा चेंडू एवढ्या जोरात कसा आला?"

"विसरले."

"काय विसरलीस?"

"हळू टाकायचं." तिचा आवाज बारीक झाला. "तुझी बोटं सुजायची ना. आणि सामन्यात माझे चेंडू मेबलला झेलता येत नाहीत, ती रडते. म्हणून गेल्या उन्हाळ्यापासून हळूच टाकते."

वर्षभर! आपण लेकीला शिकवतोय या तोऱ्यात तो बसला होता, आणि पोर त्याला सांभाळून घेत होती. त्याला लाज वाटली, आणि त्याहून जास्त अभिमान वाटला. तो लंगडत बाजूला झाला.

"टाक आता. सगळा जोर लावून."

जोसीचा हात गर्रकन फिरला. मागच्या शेडची फळी काडकन तडकली.

"अरे, माझी शेड!" लोर्ना ओरडली.

व्हर्लिन पोट धरून हसत सुटला. जोसीही हसली, आणि तिच्या तोंडावरचा तो आनंद बघून त्याला पुढे काही विचारावं लागलं नाही. सहाला दहा कमी असताना त्याने फोन लावला. "येतेय ती," एवढंच म्हणाला.

मार्चमध्ये गावच्या संघाची नोंदणी सुरू झाली. कोचचा अर्ज घेताना नोंदणीच्या टेबलावरच्या ग्वेंडाबाईंनी चष्मा सरकवला.

"व्हर्लिन, मुलीचं नाव लिहायचं राहिलं."

"माझी नाहीये यंदा संघात."

"मग तू कशाला उन्हात करपतोस? स्वतःचं पोर नसताना गावात आजवर कोणी कोच झालंय?"

"मेबलची भीती घालवायचीय," व्हर्लिन म्हणाला. "चेंडू झेलताना डोळे मिटते ती."

ग्वेंडाबाईंनी अर्ज त्याच्याकडे परत सरकवला. व्हर्लिनने मुलीच्या नावाच्या रकान्यात एक आडवी रेघ ओढली आणि खाली सही केली.